हजेरीकाकांचं आजारी मस्टर

पनवेलच्या बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी आमचं विद्यापीठ आहे, आणि त्या आवारात हजेरीकाकांच्या मस्टरमध्ये सही केल्याशिवाय सूर्यालासुद्धा मावळायची सोय नव्हती, असं माझं प्रामाणिक मत आहे. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं तेवढंच. आम्ही प्राध्यापक मंडळी त्यांना हजेरीकाका म्हणायचो. विद्यार्थी तोंडावर सर म्हणायचे आणि पाठीमागे काय म्हणायचे ते इथे लिहिण्यासारखं नाही. पंचाहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येणार नाही, हा नियम केला होता विद्यापीठाने, पण काका त्याची अशी निगा राखायचे की तो त्यांच्या घरच्या देव्हाऱ्यातला वाटावा. टर्मच्या शेवटी त्यांच्या सुवाच्य अक्षरातली ब्लॅकलिस्ट फळ्यावर लागली की कॅन्टीनमधले समोसेसुद्धा कुणाला गोड लागत नसत. एकदा एक मुलगा पायाला प्लास्टर घालून, कुबड्या टेकत, सवलत मागायला आला. काकांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, "पाय मोडला, कान शाबूत आहेत ना? लेक्चर कानाने ऐकतात." स्वतःच्या मुलीच्या लग्नाच्या दिवशी ते साडेदहाला ऑफिसात येऊन, सही करून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून मगच मुहूर्ताला गेले. मला चार मिनिटं उशीर झाला की ते आधी घड्याळाकडे बघत, मग माझ्याकडे, मग परत घड्याळाकडे. "या मॅडम, या. पनवेलला ट्रॅफिक असतंच," असं अगदी गोड म्हणत आणि माझ्या नावापुढे लाल पेनने फुली मारत.

अशा माणसाच्या राज्यात स्वाइन फ्लू आला. गावात मास्क मिळेनासे झाले, जो तो रुमालात कापूर आणि वेलची बांधून हुंगत फिरू लागला, आणि वरून आदेश आला की ताप-खोकला असलेल्यांनी सात दिवस घरी राहावं, त्यांची हजेरी कापली जाणार नाही. काकांनी तो आदेश उलटसुलट करून वाचला. माणूस आला नाही, तरी त्याची हजेरी लावायची? दोन दिवस त्यांचं चहावरसुद्धा लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी नवंकोरं मस्टर काढलं, त्यावर 'आजारी' असं ठळक लिहिलं आणि परिपत्रक लावलं: आजारी विद्यार्थ्यांनी रोज अकरा ते बारा या वेळेत खिडकी क्रमांक तीनवर स्वतः येऊन सही करावी व त्यानंतर घरी जाऊन विश्रांती घ्यावी. परिपत्रकावर शिक्का होता, जावक क्रमांक होता. त्यात काही चूक असेल असं आमच्यापैकी एकाही विद्वानाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. एरवी ज्यांची एकमेकांशी गाठ पडली नसती असे सगळ्या विभागांचे तापकरी अकरा वाजता एका रांगेत उभे राहू लागले, खोकू लागले आणि सुतळीने बांधलेल्या एकाच पेनाने सह्या करू लागले. चार दिवसांत मस्टरची तीन पानं भरली. "बघा मॅडम, किती शिस्तीत आजारी पडतायत," काका कौतुकाने म्हणाले.

पाचव्या दिवशी रांगेत उरणची एक मुलगी होती. बाप होडीवर, आई बाजारात मासळी विकणारी. घरात कॉलेजचं तोंड पाहणारी ही पहिलीच. आधीच तिची हजेरी काठावर होती. एसटी आणि मग सहा आसनी रिक्षा करून ती आली होती. पेन हातात घेतलं, पण सहीची पहिलीच रेघ रकान्याबाहेर गेली. ती खिडकीखालीच मटकन बसली. काका बाहेर धावले.

"अगं, एवढ्या तापात कुणी सांगितलं तुला यायला?"

"तुमीच, सर. सही नाय तर हजेरी नाय, असा लिवलाय ना तुमी. आई बोलली झोप म्हनून. पन माजी परीक्षा गेली तर बापूस परत नाय पाठवायचा मला."

काकांनी तिला विद्यापीठाच्या जीपमधून, काचा उघड्या ठेवायला सांगून, घरी धाडलं. मग परिपत्रक फळ्यावरून स्वतःच्या हाताने काढलं, खिडकी बंद केली आणि मला म्हणाले, "मॅडम, मी रोग वाटत बसलो होतो हो." त्या वेळी त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मलाही माझी लाज वाटली, कारण चार दिवस मी हसत हसत त्या रांगेच्या बाजूनेच तर जात होते.

दुसऱ्या दिवसापासून अकराच्या ठोक्याला काकांनी फोन उचलला. आजारी मस्टरमधल्या प्रत्येकाला फोन, रोज. उलव्याच्या एका मुलाने पहिल्या दिवशी 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला. हजेरीकाका स्वतःहून फोन करतील हे त्याला खरंच वाटेना. सहीच्या रकान्यात काका लिहीत, 'आवाज ऐकला', आणि पुढे आपली सही ठोकत. रांग गेली आणि पंधरा दिवसांत नवी नावं यायची थांबली. पण त्या मुलीचा ताप उतरून खोकला जायला घरी गेल्यापासून बारा दिवस लागले, ती सगळी हजेरी फोनवरचीच, आणि टर्म संपल्यावर परीक्षा विभागाच्या प्रमुखांनी मस्टर मागवलं. आदेश काही असला तरी विद्यार्थ्याच्या सहीशिवाय हजेरी धरता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं. ती धरली नाही तर ब्लॅकलिस्टमध्ये पहिलं नाव उरणच्या मुलीचं होतं.

मी साक्षीला म्हणून गेले होते. प्रमुख पान उलटून वाचू लागले. "'आवाज ऐकला. ताप आहे. वडील म्हणाले, सायेब, रागावू नका, पोरगी उटत नाय. मी म्हटलं, उठवू नका.' हे काय आहे?"

"हजेरी," काका म्हणाले.

"'आवाज ऐकला. पेज प्यायली.' 'आवाज ऐकला. अर्थशास्त्राचं काय शिकवलं विचारते. मॅडमना विचारून उद्या सांगणे.'" प्रमुख थांबले. "सह्या सगळ्या तुमच्याच आहेत."

"आवाज मुलांचा आहे, सही माझी आहे. चुकीचं असेल तर त्यांची टर्म घेऊ नका, माझी नोकरी घ्या. बोलावून आजारी मीच केलंय त्यांना." आयुष्यभर ज्या नियमाची पाठराखण केली, त्याच्याविरुद्ध भांडायची काकांना सवय नव्हती.

प्रमुखांनी पुढची चार-पाच पानं मनातल्या मनात वाचली आणि खाली सही केली. ब्लॅकलिस्ट लागली तेव्हा ती मुलगी फळ्यावर बोट फिरवत तीनदा वरपासून खालपर्यंत गेली. नाव नाही यावर तिचा विश्वासच बसेना. शेवटी खिडकीतून काका ओरडले, "नाहीये तुझं नाव! तिथे उभी राहून वेळ घालवू नकोस, पेपर सोमवारी आहे!" ती पास झाली, त्या वर्षी आणि पुढच्याही.

काका पुढच्या मार्चमध्ये निवृत्त झाले आणि आपट्याला, नदीकाठच्या आपल्या गावी राहायला गेले. शेवटच्या दिवशी मी म्हटलं, "काका, येत जा." ते टेबलावरची धूळ उगाचच पुसत राहिले. "येईन हो. पण आता मी आलो काय, न आलो काय, कुठल्या मस्टरमध्ये दिसणार?"

मी म्हटलं, "फोन करा. आवाज ऐकीन आणि सही मी करीन."

ते अजूनही करतात. पाऊस, पाताळगंगेचं पाणी, गुडघे, असं काहीबाही बोलतात. अलीकडे आवाज जरा खोल गेलाय. फोन ठेवला की मी डायरीत त्या तारखेपुढे खरोखरच सही करते, आणि ज्या आठवड्यात फोन येत नाही, त्या आठवड्यात मीच लावते.