टरफलांची कांडी

आमच्या फ्रिजवर बरीच वर्षं एक कांडी पडलेली होती. शेंगांची टरफलं आणि उसाची चिपाडं दाबून केलेली, मनगटाएवढी जाड. येणारा-जाणारा विचारायचा, हे काय? मी सांगायचे, माझी सवत. पुसायला उचलली तरी ह्यांचा जीव वरखाली व्हायचा.

आमचे हे रबाळ्याला एका कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर. वाफेशिवाय रंग बसत नाही, आणि हे नसले की वाफ रुसते, असं ह्यांचं म्हणणं. बॉयलर कोळशाचा, जुनापुराणा. सगळे त्याला म्हातारा म्हणायचे. तो काढून ह्या कांड्यांवर चालणारा नवा आणायचं शेठनी ठरवलं होतं. नमुन्याची पिशवी आली त्यातली एक हे नेरूळला घरी घेऊन आले. नाकाशी धरून म्हणाले, "बघ, गुऱ्हाळाचा वास!" आम्ही दोघं कोरेगावकडचे. मी हुंगली, मला कसलाच वास आला नाही. पण ह्यांचं तोंड इतकं उजळलं होतं की मी हो म्हणून टाकलं. गावाकडची टरफलं इथं येणार आणि ती भट्टी आपल्या हातानं पेटणार, एवढंच त्या माणसाला हवं होतं. निवृत्तीच्या आधी मात्र व्हायला हवं.

सगळं अडलं होतं एका गोष्टीवर. कोळशाच्या धुराला सरकार दर लावणार, आणि जो धूर कमी करेल त्याला त्याचा मोबदला मिळणार, असं तेव्हा चाललं होतं. कार्बनचा भाव म्हणतात त्याला. तो ठरला की बँक नव्या बॉयलरला कर्ज देणार होती. पण शेठना दसऱ्याचा मुहूर्त चुकवायचा नव्हता. भावाचा पत्ता नाही, बॉयलरची ऑर्डर नाही, आणि शेठनी ह्यांच्याकडून म्हाताऱ्याशेजारी नव्यासाठी सिमेंटचा चौथरा बांधून घेतला. नारळ फोडला, पेढे वाटले. आम्हीही आनंदानं खाल्ले.

मग तो भाव काही ठरेना. आज कळायचं, फक्त मोठ्या कारखान्यांना लागू. उद्या कळायचं, छोट्यांनाही, पण मर्जी असेल तर. परवा म्हणे बाहेरदेशी माल पाठवणाऱ्यांना तिकडेच कर बसणार. सल्लागार यायचे, पडद्यावर रंगीत चित्रं दाखवायचे, समोसे खाऊन जायचे. हे घरी येऊन मला सगळं समजावून सांगायचे. मी विचारायचे, म्हणजे बॉयलर येणार की नाही? तर म्हणायचे, पुढच्या वर्षी बहुतेक. त्या 'बहुतेक'चा मला अस्सा राग यायचा!

चौथऱ्यावर हे कुणाला बसू द्यायचे नाहीत. कुणी ओला शर्ट वाळत टाकला तर उचलून हातात द्यायचे. तिथं घट बसवायचेत का, म्हणून मी चिडवायचे. ह्यांना हसू यायचं नाही. इकडे म्हातारा दुखणाईत झालेला. आज इथून गळतोय, उद्या तिथून. नवा येणार म्हणून जुन्यावर कुणी खर्च करेना, आणि नवा येईना. हे पाना घेऊन त्याच्याखाली आडवे व्हायचे, आणि घरी यायचे ते पाठ धरून. मी तेल चोळता चोळता सरकार, शेठ, बँक, सगळ्यांचा उद्धार करायचे. हे पालथे पडून ऐकायचे. मला फार वाईट वाटायचं त्यांचं.

असं करता करता नोकरीतला शेवटचा दसरा आला. आदल्या दिवशी बॉयलर विझवून धुतात. दसऱ्याला घरची माणसं येतात, पूजा होते आणि थंड भट्टी नव्यानं पेटवतात. पेटवायचा मान सगळ्यात जुन्या माणसाचा. निघताना ह्यांनी फ्रिजवरची कांडी पिशवीत घातली. मला वाटलं, आता हे रिकाम्या चौथऱ्यावर तिची पूजा मांडणार.

कारखान्यात शेठ भेटायला आले तशी मला राहवलं नाही. तोंडाची मी फटकळच.

"शेठ, इतकी वर्षं ह्यांना आशेवर ठेवलंत. जमत नव्हतं तर सरळ नाही म्हणायचं होतं."

हे मागून माझा पदर ओढत होते. शेठ रागावले नाहीत. ते त्या चौथऱ्यावरच बसले, आणि पहिल्यांदाच ह्यांनी कुणाला तिथून उठवलं नाही.

"वहिनी, भाव कमी ठरला असता तरी चाललं असतं. हो किंवा नाही करून मोकळा झालो असतो. पण ठरलेलाच नाही, तर बँक उभं करत नाही आणि मला हा नाद सोडवतही नाही. मीही आशेवरच आहे हो."

माणूस खोटं बोलत नव्हता. भांडायला म्हणून आले होते खरी. मी त्यांना आपट्याची पानं दिली आणि बाजूला झाले.

ह्यांनी म्हाताऱ्याला झेंडूचा हार घातला, कापूर लावला, भट्टी पेटवली. कोळसा चांगला धरल्यावर पिशवीतून कांडी काढली. जुन्या जाळीत ह्या कांड्यांची राख अडकते, हे ह्यांनीच मला शंभरदा सांगितलेलं. मी हात धरला.

"एकीनं काय होतंय," हे म्हणाले. "शेवटपर्यंत ह्यानंच साथ दिली मला. चव तरी कळू दे त्याला."

कांडी आत गेली. भट्टीचं दार उघडंच ठेवून हे उभे राहिले, चेहरा लालबुंद, डोळे भरलेले. मग माझ्याकडे वळून विचारलं, येतोय का वास?

मी म्हटलं, येतोय. आणि ह्या वेळी खरंच येत होता.