उपवासाचा रकाना

पट्ट्यातली हवा फुस्स करून सुटली आणि पट्टेवाली गप्प झाली. तिने पुन्हा माझ्या दंडाला पट्टा आवळला, पुन्हा हवा भरली. मी चहाचा घोट घेतला, तो डाव्या ओठातून लुगड्यावर सांडला. हसायला गेले तर तोंड माझं ऐकेना. तिचा चेहरा बघून मला कळलं, मी मरायला लागले आहे.

ती आरोग्य केंद्रातून दर महिन्याला आमच्या बोरी गावात रक्तदाब मोजायला यायची, म्हणून पट्टेवाली. एरवी तिचं तोंड बंद नसायचं. आकडा शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असा सांगायची. मीठ कमी करा, मिसरी सोडा, गोळी रोज घ्या. कोणी कुरकुरलं की म्हणायची, सगळ्या देशांनी बसून ठरवलंय. मी एकदा मिसरी घासतच विचारलं, "जगाला आमची मिसरी दिसायली का गं?"

"न्हाई दिसत, मावशी. म्हणून तर मला धाडलंय."

तो श्रावणातला सोमवार होता. तिने विचारलं, "गोळी घेतली का?"

जीभ जड झाली होती. तरी म्हणाले, "आज उपवास हाय."

"तुमी तर रोज घेते म्हणला."

"जेवते त्या दिवशी रोज घेते. तूच म्हणलीस, जेवल्यावर एक."

त्या श्रावणात जेवणाचे दिवस कमी आणि उपवासाचे जास्त होते. तिने रस्त्यावरची जीप अडवली. परभणी येईपर्यंत माझा डावा हात तिच्या मांडीवर होता, पण तो मला जाणवत नव्हता. सारखी म्हणत होती, "झोपू नका मावशी, मला शिव्या द्या." मी दिल्या. मोडक्या तोंडाने येतील तेवढ्या दिल्या.

दवाखान्यातून घरी आले तेव्हा ती वही घेऊन आली. वरून आलेल्या छापील पानावर वयाला रकाना होता, वजनाला होता, मिसरीला, दारूला होता. उपवासाला नव्हता. मी म्हणाले, एवढे देश बसले, त्यात एक बाई उपवास करणारी नव्हती का? तिने माझी फणी घेतली, तिच्या कडेने पेनाची सरळ रेघ ओढली आणि वर लिहिलं, उपवास. मग घरोघर सांगत फिरली, जेवण असो नसो, गोळी चालते.

माझ्या धाकट्या जावेला तीच गोळी होती. पट्टेवाली रागावेल म्हणून तिने त्या रकान्यात 'नाही' लिहून घेतलं. उपवास मात्र करायची, आणि त्या दिवशी गोळी टाळायची. महाशिवरात्रीला महादेवाच्या पायरीवर पडली. पट्टेवाली धावत आली, पट्टा गुंडाळला, हवा सोडली. दुसऱ्यांदा भरली नाही.

पुढे तिची बदली राणीसावरगावकडे झाली. जायच्या दिवशी मी गोळी गिळेपर्यंत दारात उभी राहिली, मग गेली. आता नवी पोरगी येते, तिचं सगळं मोबाइलवर असतं. त्यात रेघ ओढता येत नाही.

रोज सकाळी मी आधी पाण्याचा घोट घेते आणि डाव्या ओठाला बोट लावून बघते, ओला आहे का. सोमवारी दोनदा बघते.

घरात आम्ही दोघी जावा होतो. मी वाचले.