जेवणाआधीचा होकार

मिस्त्रींच्या तोंडून सकाळी पहिला शब्द निघायचा तो ‘नाही’. चहा टाकू का? नाही, आधी झाडलोट. आज ऊन पडेल का? नाही पडणार. गिऱ्हाइकानं दारात उभं राहून, “मिस्त्री, कपाट आठवड्यात होईल ना?” एवढं म्हणायचा अवकाश, की आतून उत्तर यायचं, “नाही होणार. लाकूड ओलं आहे. घाई असेल तर पत्र्याचं घ्या.” अख्खी गल्ली त्यांना पाठीमागे नाही-मिस्त्री म्हणायची. एकदा एका दीडशहाण्यानं ते तोंडावर म्हणून दाखवलं, तर हे शांतपणे म्हणाले, “नाही. मला असं कुणी म्हणत नाही.”

हात मात्र असा, की त्यांनी बसवलेलं दार कधी कुरकुरायचं नाही. कुरकुर करायला ते स्वतः पुरेसे होते.

पुढच्या खोलीत सुतारकाम, मागच्या दोन खोल्यांत घर, आणि मधलं दार कायम उघडं. त्यामुळे जेवणात भुसा आणि लाकडाला स्वयंपाकाचा वास, असा सगळा एकत्र कारभार. घरात बायको आणि एकुलती एक लेक. लेकीचं घरातलं नाव छकुली. पंचविशी उलटली, कचेरीत दिवसभर कीबोर्ड बडवते, पण घरात छकुली ती छकुलीच. तिचा जीव मात्र कचेरीत नव्हता. लहानपणी तिला झोप लागायची ती रंध्याच्या आवाजावर. पटाशीला धार कशी लावायची हे तिला कुणी शिकवलं नाही. तिनं ते बघून बघून उचललं. शाळा संपली त्या वर्षी तिनं विचारलं होतं, “बाबा, मी तुमच्याकडे काम शिकू?”

“नाही.”

“का पण?”

त्यांनी डावा हात पुढे केला. मधल्या बोटाचं टोक नव्हतं. “करवतीला बाप-लेक कळत नाही,” ते म्हणाले, आणि विषय संपला.

आता घरातली एक गंमत सांगायला हवी, कारण सगळी गोष्ट तिच्यापाशीच येऊन अडते. मिस्त्रींना बरीच वर्षं मधुमेह. रोज सकाळी पोटाला इन्सुलिनची सुई टोचून घ्यायची आणि कामाला लागायचं. तर हा नन्नाचा पाढा वाचणारा माणूस दुपारच्या जेवणाच्या जरा आधी, अधूनमधून, चक्क विरघळायचा. आवाज मऊ व्हायचा. गालात हसू यायचं. कपाळावर घाम असायचा, पण रंधा मारणाऱ्याला घाम येणारच. आणि त्या वेळी काहीही विचारा, उत्तर ‘हो’!

हा शोध बायकोचा. तिनं तो लेकीला सांगितला, आणि मग काय, दोघींनी तापल्या तव्यावर पोळी भाजून घ्यायचं शास्त्रच केलं. नवा कुकर असाच आला. खिडक्यांचे पडदे असेच आले. छकुलीची मैत्रिणींबरोबरची सहल अशीच मंजूर झाली. आई मधल्या दारातून डोकावून बघायची आणि डोळ्यांनी खुणवायची, जा, आत्ता जा. जेवण झालं की मिस्त्री परत पहिल्यासारखे. “पडदे? कुणी सांगितलं पडदे आणायला?” “तुम्हीच तर हो म्हणालात!” “नाही. मी असं म्हणणारच नाही.” मायलेकी तोंडाला पदर लावून हसायच्या.

हसायच्या बिचाऱ्या. त्यांना काय माहीत?

त्या शनिवारी छकुलीची कचेरी अर्धा दिवस होती. ती आली तेव्हा बाबा एका बाईंच्या खिडकीच्या झडपेच्या चौकटीवर वाकले होते. आईनं दोनदा हाक मारली होती आणि दोन्ही वेळा, “एवढा सांधा बसला की आलो,” हे उत्तर आलं होतं. शर्ट पाठीला चिकटलेला. त्यांनी मान वर केली आणि तोंडभरून हसले.

“आलीस, बाळा? बस.”

बाळा! आयुष्यात त्यांनी तिला बाळा म्हटलं नव्हतं. छकुलीच्या मनात आलं, हीच वेळ. इतकी वर्षं गिळलेला प्रश्न तिनं एका दमात विचारून टाकला. “बाबा, मी नोकरी सोडून तुमच्याकडे येऊ? सुतारकामाला?”

“ये की. उद्याच ये.” ते हातातला लाकडी हातोडा हळूहळू फिरवत होते. “तुझा हात माझ्यापेक्षा साफ आहे. पाटीवर नाव तुझंच लावू.”

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. “परत म्हणा ना, बाबा.”

ते परत म्हणाले. शब्द जरा जड आले, जीभ वळत नसल्यासारखे. तिला ते ऐकू आलं, पण आनंदात माणूस किती ऐकतो? “आई, लवकर ये, ऐक बाबा काय म्हणतायत!” असं ओरडत ती मधल्या दाराकडे वळली, आणि मागे हातोडा पडल्याचा आवाज झाला.

मिस्त्री समोर बघत होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. मग अंग लाकडासारखं ताठ झालं आणि ते स्टुलावरून खाली भुशात आले. हातपाय झटके देऊ लागले. दातखीळ बसली, तोंडाला फेस आला. आईनं टाहो फोडला. शेजारचा इस्त्रीवाला धावत आला आणि चमचा आणा, चमचा आणा, दातात घालू, म्हणायला लागला. छकुलीनं रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडची बाई शांत आवाजात म्हणाली, “तोंडात काही घालू नका. पाणी नको, साखर नको, काही नको. आजूबाजूचं सामान बाजूला करा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या आणि कुशीवर वळवा. गाडी निघाली आहे.” छकुलीनं आपली ओढणी घडी करून बाबांच्या डोक्याखाली सरकवली आणि त्यांच्या पाठीला हात देऊन बसून राहिली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, आणि तेच फार अवघड होतं.

गाडीतल्या माणसांनी बोटातून थेंबभर रक्त काढून यंत्राला लावलं. साखर जेमतेम अठ्ठावीस. शिरेतून साखर चढवली, तेव्हा कुठे काही वेळानं मिस्त्रींनी डोळे उघडले.

“अहो, कुठं दुखतंय का?” बायकोनं विचारलं.

“नाही,” मिस्त्री म्हणाले.

तो शब्द ऐकून ती माउली ढसाढसा रडली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिला तो गोड लागला असेल.

हॉस्पिटलातली डॉक्टर लेकीच्याच वयाची होती. “ही मिरगी नाही,” ती म्हणाली. “मेंदू साखरेवर चालतो. इन्सुलिन घेतलं आणि जेवण लांबलं, की रक्तातली साखर उतरते. फार उतरली तर असा झटका येतो. पण त्याआधी शरीर खुणा करतं. घाम, थरथर, वागण्यात फरक. कुणी चिडतं, कुणी बरळतं. यांचं काय होतं?”

मायलेकींनी एकमेकींकडे बघितलं. मग आई खालच्या आवाजात म्हणाली, “हे... हो म्हणतात.”

डॉक्टर हसली. दोघींचे चेहरे बघून तिचं हसू मावळलं.

दोघी बाहेर बाकावर येऊन बसल्या. आई म्हणाली, “म्हणजे तो कुकर, ते पडदे... आपण इतकी वर्षं त्यांच्या दुखण्याकडनं मागून घेत होतो गं.” छकुलीनं आईचा हात धरला. पाटीवर नाव तुझंच लावू, हे वाक्य तिनं कुणालाच सांगितलं नाही. त्या वाक्यासाठी आपण बापाला भुशात पडू दिलं, असं तिला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी रविवारी ती घरी आली, अर्धवट राहिलेली ती चौकट पुढे ओढली आणि सांधा बसवला. खिडकीवाल्या बाई येऊन घेऊन गेल्या. मिस्त्री घरी आले तेव्हा त्यांनी रिकाम्या जागेकडे बघितलं, पण काही विचारलं नाही. शनिवारचं त्यांना काहीच आठवत नव्हतं.

डॉक्टरनं इन्सुलिनचा डोस बदलून दिला, जेवणाची वेळ पक्की केली आणि घरात बोटातलं रक्त तपासायचं यंत्र आलं. त्याबरोबर आईचा कायदाही आला: यांनी ‘हो’ म्हटलं, की आधी बोट टोचायचं. एकदा गिऱ्हाइकानं विचारलं, “मिस्त्री, हा रंग बरा दिसेल ना?” हे म्हणाले, “हो.” बायको यंत्र घेऊन हजर! साखर अगदी व्यवस्थित. मिस्त्री हात ओढून घेत गरजले, “माणसानं स्वतःच्या घरात हो पण म्हणू नये?”

“म्हणा की. आधी बोट द्या.”

यंत्राचा त्यांना मनस्वी राग. पण दोनदा साखर खरोखर उतरलेली सापडली, ग्लासभर साखरपाण्यानं वर आली, आणि झटका पुन्हा आला नाही.

छकुलीनं मात्र पुन्हा विचारलं नाही. नाही म्हणतात ते बाबा खरे, का बाळा म्हणाले ते? एकदा तपासणीला गेल्यावर तिनं डॉक्टरला विचारून बघितलं, साखर उतरल्यावर माणूस मनातलं बोलतो, का मनात नसलेलं? डॉक्टर म्हणाली, “ते काही यंत्रात दिसत नाही.” छकुली कचेरीत जात राहिली, कीबोर्ड बडवत राहिली. रंध्याचा आवाज आला की ती रेडिओ मोठा करायची.

वर्ष उलटलं. त्या खिडकीवाल्या बाईंना आता दार करून हवं होतं, म्हणून मिस्त्री माप घ्यायला त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळचं खाणं पोटभर झालं, आणि छकुली पेपर वाचत बसली होती तिथे ते येऊन बसले. डावा हात टेबलावर ठेवला.

“टोच.”

“काय झालं? घाम येतोय? चक्कर आहे का?”

“नाही. टोच म्हटलं ना.”

आपण होऊन बोट पुढे करायची ही त्यांची पहिलीच वेळ. तिनं टोचलं. “एकशे अठरा.”

“नीट बघ. मागाहून भानगड नको.”

“एकशे अठराच आहे, बाबा.”

“हं. काल बाईंच्या खिडकीची झडप उघडून बघितली. चारदा उघडली, चारदा लावली. वर्षभरात फुगली नाही, अडकत नाही.” ते तिच्याकडे न बघता बोलत होते. “सांधा माझा नाही तो. तुझा हात बरा आहे. माझ्यापेक्षा साफ नाही, पण बरा आहे.”

छकुलीनं यंत्र खाली ठेवलं.

“आता विचार,” मिस्त्री म्हणाले.

“काय विचारू?”

“शाळा संपल्यावर जे विचारलं होतंस ते.”

तिनं पेपरची घडी घातली. “बाबा, मी तुमच्याकडे काम शिकू?”

“हो,” मिस्त्री म्हणाले, चांगलं खणखणीत.

आत भांडं पडलं. आई साखरपाण्याचा ग्लास हिंदकळवत, चमच्यानं ढवळत, धावतच बाहेर आली. “अहो, बसा, बसा, उठू नका! छकुले, बघत काय बसलीस, यंत्र आण!”

“आई, एकशे अठरा आहे,” छकुली म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

आई ग्लास घेऊन तशीच उभी. एकदा नवऱ्याकडे बघते, एकदा लेकीकडे. मिस्त्रींनी तिच्या हातातून ग्लास काढून घेतला आणि लेकीपुढे ठेवला.

“पी. आणि उद्या कचेरीत सांगून ये. इथं ओढणी चालणार नाही. केस मोकळे चालणार नाहीत. असल्या चपला तर मुळीच नाही. आणि मोठ्या करवतीला वर्षभर हात लावायचा नाही, कळलं?”

“हो बाबा,” छकुली म्हणाली, आणि रडत रडत तिनं सगळा ग्लास संपवला.