शिंगाचा वास

आमचे हे घरी लाकडी धनुष्यं बनवत. धनुष्याच्या दोन्ही टोकांना म्हशीचं शिंग बसवून ते कानशीनं घासत, काचेच्या तुकड्यानं खरवडत आणि शेवटी तेल-राख लावून तळव्यानं चोळत. दोरी कुठं अडकू नये म्हणून चकाकलेलं टोक स्वतःच्या गालावर फिरवून बघत. घासलेल्या शिंगाचा केस जळाल्यासारखा घाणेरडा वास घरभर सुटायचा. मी ओरडायचे, "बाहीर बसा ना जी! भाकरीले वास लागून राह्यला." मग ते हसत निंबाखाली जाऊन बसत.

ते गेले आणि घरातला वासही गेला. आता पोळ्याच्या आधी शेजारी बैलांची शिंगं घासायला बसले, की मी दार सताड उघडते आणि भाकरी घेऊन उंबऱ्यातच बसते.