शेंग्याने लिफ्टने जायचं नाही

लक्कव्वाचं डोकं तापलं की धारवाडच्या अख्ख्या सप्तापूरला कळतं. तारिहाळला कारखान्याच्या दवाखान्यात नर्सबाई म्हणून तिने उभा जन्म काढला. यंत्रात बोटं गेलेल्या दांडग्या गड्यांना दटावून दटावून बरं केलं. लग्न केलं नाही. भावाची पोरं शिकवली आणि निवृत्त झाल्यावर इथे चौथ्या मजल्यावर स्वतःच्या कमाईचा फ्लॅट घेतला. सोबतीला शेंग्या. कारखान्याच्या फाटकात सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू, आता म्हातारं झालेलं. मागचे पाय पार लटपटतात बिचाऱ्याचे.

आणि या असल्या जिवावर सोसायटीचे सेक्रेटरी गणपतअण्णा उठले! हुबळीत कापडाचं दुकान, मूळ कोल्हापूरकडचे, राहायला सहाव्या मजल्यावर. त्यांनी खाली लिफ्टच्या दाराशी नोटीस डकवली: लिफ्टमधून कुत्री नेऊ नयेत.

"अण्णा, त्याला जिना उतरवत नाही," बैठकीत लक्कव्वा म्हणाली. "मी काय करू?"

"गावाकडं सोडून या की, अक्का. हितं माणसं राहतात."

बाकीचे सभासद मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसले. वकिली करणारी भाची रश्मी नंतर फोनवर म्हणाली, "आत्या, असा नियम करताच येत नाही त्यांना." पण नियम करणाऱ्याला कायदा सांगायचा कुणी? लक्कव्वा रोज शेंग्याला उचलून जिना चढू-उतरू लागली. एकदा गुडघा मुरगळून ती मधेच बसली, आणि शेजारून लिफ्ट भरून माणसं वर गेली. मेल्यांनो, एकाने तरी दार उघडायचं!

गणपतअण्णांचं तेवढ्यावर भागलं नाही. महापालिकेची गाडी बोलावून त्यांनी गल्लीतली कुत्रीसुद्धा उचलायला लावली.

मग आली चंपाषष्ठी. अण्णांचं कुलदैवत मैलार, म्हणजे आपला खंडोबाच. भरीत-भाकरीचा नैवेद्य आधी कुत्र्याने खायचा, मग घरच्यांनी. दरवर्षी ताट घेऊन फाटकाबाहेर गेलं की कुत्री धावत यायची. यंदा अण्णा उन्हात उभं राहून "यू, यू" करून थकले. येणार कोण, कपाळ? वर घरात म्हातारी आई उपाशी, पोरं उपाशी.

शेवटी चौथ्या मजल्यावरची बेल वाजली. ताट हातात घेऊनच अण्णा दारात उभे.

"अक्का, शेंग्याला जरा वर आणता? देवासमोर एक घास खाल्ला की झालं. लिफ्टनंच आणा पाहिजे तर."

पाहिजे तर! लक्कव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दार तोंडावर आपटणार, तेवढ्यात भरताच्या वासाने शेंग्या फरफटत उंबऱ्याशी आला. त्याच्या तोंडचा घास काढायची तिची छाती होईना.

"हितंच घाला," ती म्हणाली.

अण्णा गुडघ्यांवर बसले. शेंग्याने ताट चाटून पुसून लख्ख केलं. अण्णांनी डोळे मिटून त्याच्या पायांना हात लावला, "येळकोट" म्हणाले आणि घाईघाईने जेवायला गेले. आता तरी नोटीस निघेल, असं लक्कव्वाला वाटलं.

कसली निघते! दुसऱ्या दिवशी सकाळी तिने लिफ्ट थांबवली तर आत गणपतअण्णा. त्यांनी दारात हात आडवा घातला.

"अक्का, नियम म्हणजे नियम. कालचं वेगळं होतं."

"वेगळं?" लक्कव्वाचा आवाज सगळ्या मजल्यांवर घुमला. "काल याच्या पाया पडलात, आज यालाच जिन्यावर लोळवता? लाज कशी वाटत नाही हो? तुमच्या पोरांच्या पोटात घास गेला तो याच्यामुळं! सरका!"

अण्णा सरकले. तिने शेंग्याला आत ठेवलं आणि स्वतः बटण दाबलं. खाली पोचेपर्यंत अण्णा भिंतीला चिकटून उभे होते.

खाली उतरताच तिने नोटीस ओढली. चिकटपट्टी निघेना, तशी नखांनी खरवडून काढली. दूधवाला, वॉचमन, शाळेला निघालेल्या पोरांच्या आया, सगळे बघत होते. कागदाचे तुकडे तिने अण्णांच्या हातात कोंबले.

"दुसरी लावा," ती म्हणाली, "तीपण फाडते. रोज लावा, रोज फाडते."

आणि शेंग्याला काखेत मारून ती फाटकाबाहेर पडली.