काय कमी पडतंय ते लिहा

समोरच्याला काय कमी पडतंय हे ओळखण्यात आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांचा हात धरील असा माणूस अख्ख्या नेदरलँड्समध्ये शोधून सापडायचा नाही. पहिल्यांदा द्यायला सगळेच पुढे असतात, कारण नाव यादीत वर येतं आणि फोटोत मध्ये उभं राहता येतं. काका शेवटी देतात. गणपतीच्या वर्गणीला इथलं आमचं मराठी मंडळ जमलं की सगळे आपापले आकडे सांगतात आणि काका खिडकीतून मेट्रो बघत बसतात. "काका, तुमचे किती?" म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं, "तुमचं सगळ्यांचं होऊ दे. कमी पडेल ते माझं." आम्ही इथे नवे होतो तेव्हा माझा नवरा घरी येऊन म्हणाला, "काय चिक्कू माणूस आहे गं!" पुढे मी मंडळाची खजिनदार झाले, वही हातात आली, आणि सगळ्यांत मोठा आकडा त्या चिक्कू माणसाचा निघाला. त्यानंतर चार दिवस नवरा लिफ्ट सोडून जिन्याने जात होता.

दिवाळीच्या जेवणाला प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा अशी आमची पद्धत आहे. काका पदार्थ आणत नाहीत. ते एक पिशवी आणतात, आणि त्या पिशवीत जे बाकी सगळे विसरले असतील ते असतं. मीठ, लिंबं, डाव, पेपर नॅपकिन, एका वर्षी तर चक्क प्लास्टिकची बादली. एकदा चाळीस माणसं, पाच डबे गुलाबजाम, चार प्रकारचे छोले आणि भात कुणीच आणलेला नाही, असा आनंद होता. मी कपाळाला हात लावून बसले होते. तेवढ्यात काका मांडीवर गरम कुकर घेऊन मेट्रोने आले. मेट्रोच्या डब्यातली डच मंडळी वास घेत होती म्हणे, आणि एका आजीबाईने उतरताना झाकणाला हात लावून पाहिला. "तुम्हाला कसं कळलं भात नसेल?" मी विचारलं. "अगं, गोड करायची हौस सगळ्यांना असते. भात कोण मिरवणार?"

आमच्या पोरांशीही तसंच. ही पोरं मराठी समजतात, पण उत्तर डचमध्ये फेकतात. आम्ही आया लगेच पूर्ण वाक्य त्यांच्या तोंडात कोंबतो. काका थांबतात. माझा मुलगा "काका, माझ्या सायकलची ती... ती..." करत अडकला की ते भुवया वर करून वाट बघतात, आणि अगदीच अडलं की फक्त तेवढाच शब्द देतात, "साखळी." बाकीचं वाक्य त्याचं त्याने करायचं. माझा संयम दुसऱ्या 'ती'लाच संपलेला असतो.

मंडळाने शिष्यवृत्ती सुरू केली, तेव्हा तिचा नियम कुणी सुचवला असेल हे सांगायला नकोच. महाराष्ट्रातून इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या एका मुलाला किंवा मुलीला दरवर्षी ती द्यायची. आधी त्यांनी सगळी दारं ठोठावायची, म्हणजे फीमधली सवलत, बँकेचं कर्ज, घरचे, नातेवाईक. हे सगळं वजा करून खर्चात जो खड्डा उरेल, तेवढाच मंडळाने भरायचा. कागदोपत्री तिचं नाव भारदस्त आहे, पण आपसात आम्ही तिला 'उरलंसुरलं' म्हणतो. उरल्यासुरल्याला काय चुरस असणार, असं मला वाटलं होतं. अर्जांचा पाऊस पडला. जागा एक, आणि निवड करायला काका आणि मी.

काका अर्ज वाचायला बसले की खरी गंमत. खड्डा भरायला बसलेला हा माणूस आधी कुदळ घेऊन तो खोल करतो! "याने खर्चात सायकल धरली नाही. इथे सायकलशिवाय काय उडत जाणार? हिने थंडीचा कोट धरला नाही. याने दाताचा डॉक्टर धरला नाही, आणि फोटोत बघ, गाल सुजलेला दिसतोय." मी म्हणायचे, "काका, आपले पैसे वाचवायचे सोडून तुम्ही खर्च वाढवताय काय?" ते म्हणायचे, "अर्धा भरलेला खड्डा जास्त वाईट. त्यात माणूस बेसावध पडतो."

दोन वर्षांपूर्वी टिलबर्गच्या विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या एका मुलीचा अर्ज आला. गाव धाराशिवजवळचं, वडिलांचं कॉलेजसमोर झेरॉक्सचं दुकान. निबंध असा, की मी तो दोनदा वाचला. आणि खाली, 'किती कमी पडतात' या रकान्यात शून्य. खर्च आणि जमा एकदम बरोबर. "हिला काही कमीच नाही," मी म्हटलं, "नियमात बसत नाही. बाद." आणि अर्ज बाजूला ठेवला. काकांनी तो उचलला आणि चष्मा कपाळावर सरकवला. "इतका तंतोतंत हिशेब फक्त खोटा असतो," ते म्हणाले. "हा कागद व्हिसाचा आहे. तिथे सगळं आहे असं दाखवावं लागतं. बापाने तोच आपल्याला जोडलाय. कमी पडतंय म्हटलं तर पोरीला नाकारतील, असं वाटलं असेल त्याला."

जमेच्या बाजूला लातूरच्या मामांचे तीन लाख होते. काकांनी रविवारी दुपारी माझ्या जेवणाच्या टेबलावरून, फोन स्पीकरवर टाकून, थेट मामांना गाठलं. मामा आधी हॉलंडहून फोन म्हणून हरखले. मग म्हणाले, "देणार म्हणजे काय, देणारच! भाची आहे माझी!" काकांनी शांतपणे विचारलं, "कधी?" पलीकडे नुसता पंखा ऐकू आला. "तसं बघा साहेब, तुमच्याकडून काही झालं तर बरंच आहे. बहिणीला नाही म्हणवेना हो." काकांनी मामांचे आभार मानले, तब्येत विचारली, आणि तीन लाखांवर काट मारली.

मग मुलीला व्हिडिओवर घेतलं. "जेवणाला इतकेच?" "मी कमी जेवते, काका." "इथल्या थंडीत कुणी कमी जेवत नाही. आणि घरचे पाच लाख कुठून?" "होईल काका, मॅनेज करू." "मॅनेज हा शब्द माझ्या फॉर्ममध्ये नाही. काय विकताय?" मागे कुठेतरी मशीनचा खटखट आवाज येत होता. तिने मान वळवून तिकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पडला. "ते," ती म्हणाली. "मोठं मशीन." दुकानात मोठं मशीन तेवढं एकच होतं.

मला माझीच लाज वाटली. दोन मिनिटांत मी या मुलीला बाद केलं होतं. "पोट भरायचं साधन मोडून आणलेला पैसा जमेत धरायचा नाही," काकांनी तिथेच नियम करून टाकला, आणि पाच लाखही खोडले. शून्याचा खड्डा मंडळाच्या निधीपेक्षा मोठा झाला. मुलगी आली, मशीन दुकानातच राहिलं. निधीला पडलेला खड्डा कुणी भरला, हे खजिनदार म्हणून मला कुणाला विचारावं लागलं नाही.

गेल्या महिन्यात ती टिलबर्गहून आमच्याकडे आली आणि आम्ही दोघी वर गेलो. काकू जाऊन तीन वर्षं झाली, त्यांचा मुलगा कॅनडात. "कसे आहात?" "उत्तम. मला काय कमी आहे?" हे उत्तर मी जिन्यात, लिफ्टमध्ये, सायकली लावताना शंभरदा ऐकलंय आणि शंभरदा पुढे गेलेय. मुलगी मात्र पुढे गेली नाही. "काल काय जेवलात, काका?" "दही-भात." "परवा?" "तोच थोडा उरला होता." "घरी बसून निवांत गप्पा मारणारं शेवटचं कोण होतं?" काका विचारात पडले. "तुझे मामा. दर शनिवारी फोन करतात. बरा माणूस आहे गं." तो शनिवारचा फोन, आणि त्या दिवशी गुरुवार. "मग मधले दिवस?" तिने विचारलं. "होतं गं. मॅनेज करतो." "मॅनेज हा शब्द फॉर्ममध्ये नाही," ती म्हणाली.

काका हसले, मग हसू थांबलं. खिडकीकडे बघत म्हणाले, "संध्याकाळचा चहा. तो एकट्याने जात नाही."

इतकी वर्षं मी त्यांच्या अगदी खालच्या घरात राहतेय, मध्ये सोळा पायऱ्या. आता ऑफिसमधून आले की मी वर जाते. चहा मीच करते, पण दोन्ही कपांत साखर मुद्दाम कमी घालते. काका एक घोट घेतात, भुवया वर करतात, "तुझं लक्ष कुठे असतं गं?" म्हणत उठतात आणि फळीवरचा डबा काढून माझ्या कपात आधी साखर घालतात.