'गोंगाट'ची डमी

'डमी' हा शब्द मुद्रणव्यवसायात ज्या अर्थाने वापरतात तो आधी स्पष्ट करतो, कारण पुढचे सगळे त्यावरच उभे आहे. अंक छापण्यापूर्वी त्याची एक प्रतिकृती तयार करतात. आकार तोच, पाने तितकीच, मुखपृष्ठ रंगीत, चित्रे आपापल्या जागी, मथळेही ठरलेले. फक्त मजकूर यायचा असतो. थोडक्यात, अंकाचे सोंग घेतलेला कागद. मी यासाठी 'पूर्वाकृती' हा शब्द सुचवला होता. मांडणी करणाऱ्या फ्लेक्सवाल्या सादिकने तो एकदा उच्चारून पाहिला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "सर, डमीच म्हणू!"

किस्से कोणी जमवत नसते. सादिकच्या दुकानात फ्लेक्सची कातरणे कोपऱ्यात साचतात, तसे ते साचतात. आणि झाडायला घेतले की एकेक हाताला चिकटते. 'गोंगाट' या संगीत-मासिकाचे काम चंद्रपुरात सादिकच्या याच दुकानात चालले होते. मी तिथे मुद्रितशोधक होतो. त्यातली ही काही कातरणे.

*

संपादक नीलेश माझा जुना विद्यार्थी. ऊर्जानगरात, वीज केंद्राच्या वसाहतीत, वाढलेला. वीज केंद्रातले कंत्राटी काम सोडून त्याने तरुणांसाठी संगीताचे मासिक काढायचे ठरवले. मी नाव सुचवले, 'नादवेध'.

"सर, हे नाव ऐकून पोट्टे झोपून जातीन."

"मग तुझ्या मनात काय आहे?"

"गोंगाट!"

आयुष्यभर मी वर्गात ज्या गोष्टीविरुद्ध लढलो, तिच्याच नावाच्या मासिकात मी शुद्धलेखन तपासू लागलो.

नीलेशचे वडील दामोदरराव त्याच केंद्राच्या नियंत्रण कक्षातून निवृत्त झालेले. काटा स्वतः पाहिल्याशिवाय वाफेवरही विश्वास न ठेवणारा माणूस. त्यांनी मुलाला एकच अट घातली.

"एक पोट्टा नाई तं पोट्टी. ओळखीची नाई, नात्यातली नाई. तुह्यं मासिक वाचताना मले माह्या डोळ्यानं दिसली पाह्यजे. पोळ्यापर्यंत. नाई दिसली तं पुन्हा ड्युटीवर!"

वीज केंद्रात कंत्राटदार असलेल्या भद्रावतीच्या एका नातलगाने नीलेशची जागा तोवर धरून ठेवली होती. पोळा कधी आहे हे त्या वर्षी शेतकऱ्यांपेक्षा नीलेशला अधिक पाठ होते.

*

सादिकचा हात वाढदिवसाच्या बोर्डांवर घडलेला. पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर आलापल्लीकडची कुंदा मडावी हवी होती. ही मुलगी गोंडी आणि मराठी मिसळून रॅप म्हणते आणि म्हणताना श्रोत्यांना दम घेऊ देत नाही. सादिकने तिचे छायाचित्र मध्यभागी झोकात बसवले आणि तळाशी गोल चौकटींत पंचवीसतीस चेहऱ्यांच्या तीन रांगा लावल्या.

"सादिकभाई, हे कोण लोक आहेत?" नीलेशने विचारले.

"शुभेच्छुक."

"कोणाचे?"

"ते नंतर ठरवू ना. खाली मुंडके नसले तं बोर्ड उघडा दिसते."

"हा बोर्ड नाही, मासिक आहे!"

"मंग त्याले शुभेच्छा नको का?"

हे चेहरे त्याने जुन्या बोर्डांतून उचलले होते. नमुना दुकानाच्या काचेवर लावला, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांतला एक गृहस्थ लालबुंद होऊन दुकानात शिरला. परवानगीवाचून छायाचित्र वापरल्याबद्दल आता काय ऐकावे लागणार, म्हणून नीलेश हात जोडून उभा राहिला.

गृहस्थ गरजले, "मी तिसऱ्या रांगेत काऊन?"

*

मग नीलेशने पवित्रा बदलला. शुभेच्छुक नाहीत, रंग नाहीत, झगमगाट नाही. कृष्णधवल छायाचित्र, भोवती मोकळी जागा, खाली फक्त नाव. जगातली चांगली मासिके अशीच असतात, असे त्याने सादिकला तासभर समजावले. सादिकने मनापासून काम केले. कुंदाचा गंभीर चेहरा, भोवती काळी चौकट, खाली नाव, नावाखाली जन्मतारीख, आणि हाताच्या सवयीने तारखेपुढे एक आडवी रेघ.

त्याने तो नमुना कौतुकाने चार जणांना मोबाइलवर पाठवला.

सकाळी मला कुंदाचा फोन आला. "जोहार सर. फोटो लय चांगला आला म्हणा सादिकभाऊले."

"आवडला?"

"गावाले आवडला. सकाळपासून लोक बसाले येऊन राह्यले. मामा तं एटापल्लीहून रडतच आला."

"अगं, मग तू त्यांना काय सांगितलेस?"

"सांगाले वेळ कुठी हाय सर? इतक्या लोकांचा चहा कोण करून राह्यलं? मीच!"

*

झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरेही सादिकच करतो. त्या पोस्टरांवर बिनबिरुदाचा माणूस नसतो. कोणी हास्याचा बादशहा, कोणी अश्रूंची महाराणी. डमीच्या दुसऱ्या पानावर माझे नाव मला असे दिसले: 'मुद्रितशोधन: व्याकरणाचा वाघ'.

मी शांतपणे म्हणालो, "सादिक, हे शोभत नाही. वाघ काढ."

"सर, चंद्रपुरात वाघाच्या वर काही नसते."

"वर नको आहे मला. खाली ये."

त्याने विचार केला. "बरं. बिबट करतो."

*

कुंदाच्या गाण्याचे शब्द एका पूर्ण पानावर यायचे होते. मी ते मात्रा मोजून वाचले. रचना आश्चर्य वाटावे इतकी बांधीव होती. एका ओळीत मात्र दोन मात्रा कमी भरत होत्या. संस्कृत कवींनी अशा अडचणीसाठी काही अव्यये हाताशी ठेवली आहेत. त्यांना अर्थाचा फारसा भार नसतो, ती ओळीची जागा भरून काढतात. मी समासात सौम्य अक्षरांत लिहिले, "येथे 'खलु' घातल्यास छंद निर्दोष होईल."

कुंदाने कागद पाहिला. "हे काय हाय सर?"

"पादपूरणार्थक अव्यय."

"अर्थ काय?"

"विशेष काही नाही."

"मंग तं मस्तच!"

पुढच्याच आठवड्यात आलापल्लीजवळच्या एका मेळाव्यात तिने ते गाणे म्हटले. ती ओळ आली, तिने 'खलु' असे काही ठासून म्हटले, की समोरची पोरे उभी राहिली. तिने पुन्हा म्हटले. मग पोरांनी म्हटले. मग तिने गाणे थांबवले आणि काही काळ नुसते "खलु! खलु!" चालले. कालिदासाच्या काळापासून हा शब्द दुसऱ्यांच्या ओळींत निमूटपणे कोपऱ्यात उभा आहे. इतके टाळ्यांचे सुख त्याला प्रथमच मिळाले असावे.

परवा गडचिरोलीच्या बसस्थानकावर एका अनोळखी तरुणाने वाकून मला नमस्कार केला. मला वाटले, माझा विद्यार्थी. तो मित्राला म्हणाला, "अबे, पाया पड. खलुवाले सर!"

*

छायाचित्रांसाठी आम्ही आलापल्लीच्या सागवनात गेलो. कुंदाने आजोबांचा जुना ढोल आणला होता, सागाच्या अखंड खोडातून कोरलेला. काम आटोपून परतताना वाटेतल्या एका नाक्यावर वनरक्षकाने गाडी थांबवली आणि ढोलावर बोटाने टकटक केले.

"साग हाय."

"ढोल आहे भाऊ," नीलेश म्हणाला.

"ढोल असो की पलंग, लाकूड सागाचं हाय. वाहतूक परवाना दाखवा."

"वाजवून दाखवतो ना!"

"वाजवल्यानं लाकूड बदलते का?"

कुंदा खाली उतरली आणि तिने ढोल वाजवायला घेतला. नाक्याचे दोन कर्मचारी बाहेर आले, एक ट्रकचालक उतरला, वनरक्षकाची मानही डोलू लागली. वाजवणे संपल्यावर त्याने डोळे पुसले, टेप काढली, ढोलाची लांबी घेतली, घेर घेतला आणि नोंद लिहून नीलेशची सही मागितली. मी सवयीने वाचले. अक्षर सुंदर होते, शुद्धलेखन निर्दोष.

'साग, गोल, एक नग. आतून पोकळ. आवाज चांगला.'

*

आता शेवटचा किस्सा. पोळा दुसऱ्या दिवसावर आला होता. अंक छापखान्यात जायचा होता आणि डमी एकच होती. वाचक मात्र कुठेच नव्हता. असणार कसा, अंकच नव्हता!

या डमीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. मजकूर येईपर्यंत अक्षरांची जागा कळावी म्हणून मांडणी करणारे हाताशी असलेला कोणताही मजकूर पानात ओततात. सादिकच्या हाताशी एक लग्नपत्रिका होती. त्यामुळे 'कुंदा मडावीशी मनमोकळा संवाद' या मथळ्याखाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून' होते, 'ढोलाचे घराणे' या मथळ्याखाली तेच, आणि 'हेडफोन कसा निवडावा' याखालीही वधूपक्ष आणि वरपक्ष आपल्या आगमनाची वाट पाहत होते.

त्या सकाळी नीलेश ही डमी एका ओळखीच्या शिक्षकाला दाखवायला भद्रावतीला गेला आणि परतताना बसच्या आसनावर विसरून चंद्रपूरला उतरला. त्याला घ्यायला मी स्थानकावर पोचलो, तोवर तो दुकानाकडे निघून गेला होता आणि तिथे दामोदरराव उभे. "पोळा उद्या हाय," एवढेच ते मला म्हणाले आणि नीलेशची नोकरी पक्की करायला भद्रावतीच्या बसमध्ये चढले. त्यांचे मन वळवावे म्हणून मी मागोमाग चढलो. बस तीच होती.

पुढच्या आसनावर विशीतली एक मुलगी बसली होती. कानात इअरफोन, हातात 'गोंगाट'. ती पान उलटत होती, थांबत होती, मागचे पान पुन्हा पाहत होती. दामोदरराव पुढे वाकले.

"पोरी, वाचून राह्यली का?"

"मंग? वारा घेऊन राह्यली का?"

"काय लिहून हाय त्यात?"

तिने इअरफोन काढले. "काका, अजबच हाय. पह्यल्या पानावर लग्नाचं आमंत्रण. पुढच्या पानावर ढोल, खालतं तेच लग्न. अर्धं पुस्तक झालं, लग्न काही लागून नाई राह्यलं. लागते का मोडते, तेच पाहून राह्यली!"

मी दामोदररावांच्या दंडाला हात लावला. अनोळखी मुलगी, नात्यातली नाही, वाचते आहे, त्यांच्या डोळ्यांदेखत! अट पुरी झाली होती. पण दामोदररावांच्या ध्यानात आले, की छापखान्यात जायची एकुलती एक डमी हिच्या हातात आहे.

"आण इकडं. माह्या पोराचं हाय ते."

"वाचून तं होऊ द्या!"

"त्यात काही नाई बाई. डमी हाय!"

"काही नाई, तं तुमाले कायले पाह्यजे?"

दामोदररावांनी अंकाचे एक टोक धरले. तिने दुसरे धरले होतेच. बसमध्ये दोन पक्ष पडले. कंडक्टर बाई गर्दीतून वाट काढत आल्या.

"कोणाचं हाय?"

"माह्यं!" दोघेही म्हणाले.

"सांगा मंग, आत काय हाय?"

दामोदरराव खोटे बोलत नाहीत. "काही नाई."

मुलीने वधूचे नाव, वराचे नाव, मुहूर्त, मंगल कार्यालय, आणि 'कृपया आहेर आणू नये' हे सगळे एका दमात म्हणून दाखवले.

"काका," कंडक्टर बाई म्हणाल्या, "पोरीनं वाचलं हाय. तुमी उघडूनबी नाई पाह्यलं."

मी उठलो. "बाई, मी या मासिकाचा मुद्रितशोधक आहे. वस्तुस्थिती अशी आहे, की..."

"तुमी आधी तिकीट काढा!"

भद्रावतीला मुलगी डमी काखेत मारून उतरली आणि कारखान्याच्या वसाहतीच्या दिशेने वाचत वाचत गेली. दामोदरराव नातलगाकडे वळलेच नाहीत. रस्ता ओलांडून परतीच्या बसमध्ये बसले, चंद्रपूरला सरळ सादिकच्या दुकानात आले आणि नीलेशला म्हणाले, "डमी गेली. दुसरी बनव. अन् ते लग्न एकदाचं लावून टाक, लोक वाट पाहून राह्यले!"

हा किस्सा चंद्रपुरात आता अनेक जण सांगतात. त्यांच्या कथनात दामोदरराव त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवतात आणि अंक तिला स्वहस्ते भेट देतात. हे चूक आहे. त्यांनी अंक सोडलाच नव्हता. कंडक्टर बाईंना त्यांची बोटे एकेक करून सोडवावी लागली, आणि करंगळीसाठी चालकाला बस बाजूला घ्यावी लागली.